कार्ल सँडबर्ग वाचायचा आहे? मग लिंकनच्या सहा खंडांपासून सुरुवात करू नका

अमेरिकी कवितेच्या संकलनांत कार्ल सँडबर्ग भेटतो तो बहुधा दोनच कवितांतून, एक शिकागो शहरावरची आणि दुसरी धुक्यावरची. अब्राहम लिंकनबद्दल काही वाचायला जावं, तर तेच नाव सहा जाडजूड खंडांवर दिसतं. मग नवा वाचक एकतर त्या दोन कविता वाचून ‘झाला सँडबर्ग’ म्हणतो, नाहीतर उत्साहाने लिंकनचा पहिला खंड उघडतो आणि शंभरेक पानांत दमतो. हा लेख या दोन्ही वाटा टाळू इच्छिणाऱ्यांसाठी आहे.

माझं म्हणणं सोपं आहे. सँडबर्गची कविता आणि त्याचं चरित्रलेखन हे दोन वेगळे उद्योग नाहीत. माणसं काय बोलतात, काय गातात, कुठल्या गोष्टी एकमेकांना सांगतात, ते आयुष्यभर गोळा करत राहणं हाच त्याचा उद्योग. कधी त्याची कविता झाली, कधी गाण्यांचा संग्रह, कधी लिंकन. हे ध्यानात ठेवलं की पुस्तकांचा क्रम आपोआप लागतो.

आधी माणूस, थोडक्यात

जन्म ६ जानेवारी १८७८, इलिनॉय राज्यातलं गेल्सबर्ग हे रेल्वेचं गाव. आईवडील स्वीडनहून आलेले. वडील रेल्वेच्या लोहारखान्यात मदतनीस. आठवी झाल्यावर शाळा सुटली. मग दुधाची गाडी, न्हाव्याच्या दुकानात हरकाम्या, शेतमजुरी, मालगाड्यांवर चढून पश्चिमेकडे भटकंती. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धात सैनिक म्हणून प्वेर्तो रिकोला जाऊन आला. त्यानंतर गावच्याच लोम्बार्ड कॉलेजात शिकला, पण पदवी घेतली नाही. पुढे मिल्वॉकीत समाजवादी पक्षाचं काम केलं, तिथल्या समाजवादी महापौराचा, एमिल सायडलचा, तो सचिव होता. १९०८ मध्ये लिलियन स्टायकेनशी लग्न झालं. छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन हा तिचा भाऊ. नंतर शिकागो आणि ‘शिकागो डेली न्यूज’मधली पत्रकारी.

एक व्यावहारिक सूचना इथेच. शाळेच्या वयापासून तो स्वतःला चार्ल्स म्हणवत असे. लोम्बार्डमधले त्याचे प्राध्यापक फिलिप ग्रीन राइट यांनी स्वतःच्या छोट्या छापखान्यातून त्याच्या अगदी सुरुवातीच्या पुस्तिका काढल्या, त्यातली ‘इन रेकलेस एक्स्टसी’ १९०४ ची. त्यावरचं नाव ‘चार्ल्स ए. सँडबर्ग’ असं आहे. ग्रंथालयाच्या सूचीत ही नोंद पाहून हा दुसराच कोणी असं समजू नका. आणि या पुस्तिकांच्या मागेही लागू नका. अभ्यासकांना त्या हव्या असतात, वाचकाला त्यांच्यावाचून अडत नाही.

पायरी पहिली: ‘शिकागो पोएम्स’, पण निवडून

१९१४ च्या मार्चमध्ये हॅरिएट मन्रोच्या ‘पोएट्री’ मासिकात सँडबर्गच्या शिकागोवरच्या कविता आल्या. ‘द डायल’ या दुसऱ्या नियतकालिकाला त्या कविता म्हणजे काव्यरसिकांचा अपमान वाटला. डुकरं कापणारं, अवजारं बनवणारं, गव्हाचे ढीग रचणारं शहर अशी संबोधनं एका कवितेच्या पहिल्याच ओळींत येतात, हे तेव्हाच्या सोवळ्या कवितेला झेपणारं नव्हतं. दोन वर्षांनी, १९१६ मध्ये, पुस्तक निघालं.

हे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचं नाही. पहिल्या बैठकीला चार कविता पुरेत.

‘शिकागो’ आधी मोठ्याने वाचा. तिचा सांगाडा जाहीर सभेतल्या भाषणाचा आहे: लोक तुला दुष्ट म्हणतात, हो, खरं आहे, लोक तुला वाकडं म्हणतात, हो, तेही खरं आहे, आणि मग उलटून, पण असं हसणारं, असं मस्तीत राबणारं दुसरं शहर दाखवा. मनातल्या मनात वाचली तर ही कविता निव्वळ यादी वाटते. समाजवादी पक्षाच्या सभांत बोलून तयार झालेला गळा तिच्यात ऐकू यायला हवा.

मग ‘फॉग’. सहा ओळी. धुकं मांजराच्या पावलांनी येतं, बंदर आणि शहर न्याहाळत बसतं आणि पुढे निघून जातं, संपलं. हातात जपानी हायकूंचं पुस्तक होतं आणि बातमीच्या कामाला जाताना वाटेत धुकं दिसलं, अशी तिची जन्मकथा सांगतात. शाळकरी संकलनांनी ही कविता इतकी वापरली आहे की तिची धार गेली आहे. ‘शिकागो’च्या गोंगाटानंतर लगेच वाचली तर ती पुन्हा कानाला लागते.

तिसरी ‘हॅपिनेस’. सुख म्हणजे काय हे प्राध्यापकांना आणि बड्या अधिकाऱ्यांना विचारून झाल्यावर एका रविवारी नदीकाठी झाडाखाली बसलेली हंगेरियन कुटुंबं दिसतात, बायकामुलं, बिअरचं पिंप आणि एक अकॉर्डियन. कविता तिथेच थांबते. कवी उत्तर देत नाही.

चौथीवर मात्र वेळ घालवा: ‘चाइल्ड ऑफ द रोमन्स’. रुळाच्या कडेला बसून एक इटालियन मजूर दुपारी पाव आणि सॉसेज खातोय. समोरून गाडी धडधडत जाते. आत टेबलांवर गुलाबाची आणि पिवळी फुलं, लोक गरम मांस, स्ट्रॉबेरी आणि साय खातायत. मजूर कोरडा पाव संपवतो, पाणी पितो आणि दहा तासांच्या पाळीचा उरलेला अर्धा भाग भरायला उठतो. काम कसलं? रुळाखालची खडी नीट ठेवायची, म्हणजे काचेच्या भांड्यातली ती फुलं फारशी हलणार नाहीत. एवढंच. एकाही ओळीत ‘अन्याय’ म्हटलेलं नाही. नारायण सुर्वे वाचून आलेल्या मराठी वाचकाला मजूर कवितेत येण्याचं अप्रूप वाटणार नाही, पण फरक जरूर जाणवेल. सुर्व्यांचा कवी त्या माणसांत उभा राहून बोलतो, सँडबर्ग दोन पावलं मागे, वही हातात घेऊन उभा असतो. बातमीदाराचं अंतर आहे ते. ते कधी फार परिणामकारक ठरतं, कधी कोरडं.

एक सावधगिरी. या पुस्तकात स्थलांतरितांसाठी आणि कृष्णवर्णीयांसाठी तेव्हा रस्त्यावर रुळलेले, आज अपमानास्पद ठरलेले शब्द आहेत. ते पाहून पुस्तक मिटण्याआधी त्याचं १९१९ चं ‘द शिकागो रेस रायट्स’ हे छोटं पुस्तक चाळा. त्या जुलैमध्ये शिकागोत वांशिक दंगल उसळली, ३८ माणसं मेली, त्यात २३ कृष्णवर्णीय होती. दंगलीच्या आधीपासूनच सँडबर्ग कृष्णवर्णीय वस्तीतली घरं, भाडी, नोकऱ्या यांवर लेखमाला लिहीत होता, तिचंच हे पुस्तक झालं. त्याच्या कवितेमागची शिस्त कुठून आली ते इथे उघड दिसतं.

पायरी दुसरी: ‘कॉर्नहस्कर्स’मधल्या दोन कविता आणि थोडी विश्रांती

१९१८ च्या या संग्रहाला पुलित्झर पारितोषिक विभागून मिळालं. शहराकडून आता गवताळ मैदानांकडे. ‘ग्रास’ ही युद्धावरची कविता आहे आणि बोलतं ते गवत. ऑस्टर्लिट्झ, वॉटर्लू, गेटिसबर्ग, ईप्र, व्हर्दून या रणभूमींवर प्रेतांचे ढीग घाला, मला माझं काम करू द्या. काही वर्षांनी आगगाडीतले प्रवासी कंडक्टरला विचारतात, हे कुठलं ठिकाण? ‘कूल टूम्ब्ज’मध्ये लिंकन येतो, थडग्यात पडलेला, शत्रू आणि मारेकरी दोघांनाही विसरलेला. पुढच्या सहा खंडांचा नायक पहिल्यांदा नीट दिसतो तो इथे, चरित्राच्या आठ वर्षं आधी.

यानंतरचे ‘स्मोक अँड स्टील’ (१९२०), ‘स्लॅब्ज ऑफ द सनबर्न्ट वेस्ट’ (१९२२) आणि ‘गुड मॉर्निंग, अमेरिका’ (१९२८) तूर्त बाजूला ठेवा. ‘स्मोक अँड स्टील’मधली ‘जॅझ फँटेझिया’ वाद्यांच्या आवाजासाठी वाचा, बाकी घाई नाही. या काळात त्याला स्वतःच्या लकबीची सवय लागली होती, असं माझं मत. तीच विशेषणं, तोच पसारा.

पायरी तिसरी: घरात मूल असेल तर इथूनच सुरुवात करा

‘रुटाबागा स्टोरीज’ (१९२२) आणि ‘रुटाबागा पिजन्स’ (१९२३) या गोष्टी त्याने आपल्या मुलींसाठी रचल्या. युरोपीय परीकथांतले राजे, राजपुत्र, किल्ले अमेरिकी मुलांना कशाला, म्हणून इथे मक्याची शेतं, आगगाड्या आणि गगनचुंबी इमारती आहेत. पहिल्या गोष्टीतल्या बापाचं नाव ‘गिम्मी द ॲक्स’. त्याच्या घरी मुलं बोलायला लागल्यावर तोंडातून पहिल्यांदा जे बाहेर पडेल तेच त्यांचं नाव. सगळं विकून हे कुटुंब स्टेशनवर जातं आणि जिथे रूळ आभाळात जातात आणि परत येत नाहीत तिथलं तिकीट मागतं. पुढे रूळ नागमोडी होतात, तेव्हा समजायचं की आपण रुटाबागाच्या देशात आलो. तिथली डुकरं गळ्यात लाळेरी बांधतात.

एका गोष्टीत दोन उंच इमारतींना मूल हवं असतं आणि ते मूल म्हणजे एक आगगाडी. शेवट हसरा नाही. लहान मुलाला झोपताना वाचून दाखवण्याआधी ही एकदा स्वतः वाचा.

मोठ्यांनीही हे पुस्तक टाळू नये. सँडबर्गचा कान सर्वांत मोकळा आहे तो इथे. कवितेत कधीकधी खटकणारं पुनरुक्तीचं वेड गोष्टीत शोभून दिसतं, कारण मुलांना तेच पुन्हा ऐकायचं असतं.

पायरी चौथी: गाणी आणि म्हणी

व्याख्यानं देत तो अमेरिकाभर फिरत असे आणि कार्यक्रमाच्या शेवटी गिटार घेऊन लोकगीतं म्हणत असे. ज्या गावात जाईल तिथली गाणीही उतरवून घेई. त्यातून १९२७ मध्ये ‘द अमेरिकन साँगबॅग’ निघालं, २८० गाणी, स्वरलिपीसह. रेल्वे कामगारांची, कैद्यांची, गुराख्यांची, भटक्यांची. हे सलग वाचायचं पुस्तक नव्हे. प्रत्येक गाण्याआधी ते कोणाकडून, कुठे मिळालं यावर त्याने चार ओळी लिहिल्यात, तेवढ्या जरी वाचल्यात तरी गोळा करणारा माणूस कसा काम करतो ते कळतं.

आता ‘द पीपल, येस’ (१९३६). महामंदीच्या काळात लिहिलेली, १०७ भागांची एकच लांब कविता. म्हणी, विनोद, थापा, बाजारातली घासाघीस, कोर्टातली उलटतपासणी, सगळं तिच्यात घुसतं. काही भाग कविता आहेत, काही निव्वळ नोंदी. टीकाकारांनी याच मुद्द्यावर तिला झोडपलं आणि त्यांचं अगदीच चूक नाही. पण या लेखकाचं मन पूर्ण ओळखायचं तर हेच पुस्तक. मी सुचवेन ती पद्धत अशी: मधूनच कुठेही उघडा, चारपाच भाग वाचा, ठेवून द्या. ५७ वा भाग मात्र नेमका काढा. तो लिंकनवर आहे आणि त्यात लिंकनचीच वाक्यं लोकांच्या बोलण्यात मिसळून दिली आहेत. कवी आणि चरित्रकार यांच्यातली भिंत इथे उरतच नाही.

पायरी पाचवी: आता लिंकन

गेल्सबर्गच्या नॉक्स कॉलेजात ७ ऑक्टोबर १८५८ रोजी लिंकन आणि त्याचा राजकीय प्रतिस्पर्धी स्टीफन डग्लस यांची जाहीर वादसभा झाली होती, गाजलेल्या सात वादसभांपैकी पाचवी. तरुणपणी त्या इमारतीवरचा फलक सँडबर्ग जातायेता वाचत असे. गावात लिंकनला प्रत्यक्ष ऐकलेली माणसं तेव्हा हयात होती. प्रकाशक आल्फ्रेड हारकोर्टने सुचवलं होतं मुलांसाठी एक लहानसं लिंकनचरित्र. ते वाढत गेलं.

‘अब्राहम लिंकन: द प्रेअरी इयर्स’ १९२६ मध्ये दोन खंडांत आलं. जन्मापासून १८६१ च्या फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे लिंकन अध्यक्षपद घ्यायला आपलं स्प्रिंगफील्ड गाव सोडतो तिथवर. ‘द वॉर इयर्स’ १९३९ मध्ये चार खंडांत, अडीच हजारांच्या आसपास पानं. त्याला १९४० चं पुलित्झर मिळालं, पण इतिहासाचं. चरित्राच्या पारितोषिकाच्या नियमांत वॉशिंग्टन आणि लिंकन यांची चरित्रं तेव्हा बसत नसत, म्हणून ही वाट काढली गेली.

नव्याने वाचणाऱ्याने १९५४ ची एकखंडी आवृत्ती घ्यावी. ती सँडबर्गने स्वतः आटोपशीर केली आहे आणि मधल्या काळात इतिहासकारांनी दाखवलेल्या काही गोष्टी सुधारून घेतल्या आहेत. ती आवडली, तर मूळ सहा खंडांतले दोन भाग शोधून वाचा. एक, ‘प्रेअरी इयर्स’मधलं इंडियानातलं बालपण. १८१८ मध्ये आई नॅन्सी दुधातून होणाऱ्या विषबाधेने जाते, बाप शवपेटीच्या फळ्या कापतो आणि नऊ वर्षांचा मुलगा तिच्यासाठी लाकडी खुंट्या तासतो. दुसरा, ‘वॉर इयर्स’मधलं १८६३ चं गेटिसबर्ग: लिंकनच्या गाजलेल्या भाषणाआधीची धावपळ, मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट यांचं दोन तासांचं व्याख्यान, लिंकनचे मोजके शब्द आणि दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रं. शेवटचा खंडही जमला तर पाहा, हत्या आणि स्प्रिंगफील्डपर्यंतची अंत्ययात्रेची गाडी.

वाचताना हातात पेन्सिल ठेवा. प्रत्येक पानावर तीन गोष्टी वेगळ्या करा: पत्र, भाषण किंवा सरकारी कागद कुठे आहे, कोणीतरी पुष्कळ वर्षांनी सांगितलेली आठवण कुठे आहे, आणि कवीने स्वतः भरलेलं कुठे आहे. वारा काय म्हणाला, मुलाच्या मनात काय आलं, हे तिसऱ्यात. ही कसरत करावी लागते कारण सँडबर्ग तळटिपा देत नाही. ‘प्रेअरी इयर्स’मध्ये तिसऱ्या प्रकारच्या खुणा भराभर पडतील. ‘वॉर इयर्स’मध्ये त्या कमी होतात, तिथे कागदपत्रांचा आणि किश्श्यांचा पूर असतो.

सर्वांत घसरडी जागा ॲन रटलेजची. लिंकन तरुणपणी राहिला त्या न्यू सेलम गावातली ही तरुण मुलगी लवकर वारली. लिंकनचं तिच्यावर प्रेम होतं ही कथा मागाहूनच्या आठवणींवर उभी आहे. सँडबर्गने १९२६ मध्ये तिच्यावर भावगीतासारखी पानं लिहिली. दोनच वर्षांनी ‘अटलांटिक मंथली’ या मासिकाला लिंकन आणि ॲन यांची प्रेमपत्रं मिळाल्याचा गाजावाजा झाला. सँडबर्गने आधी ती खरी मानली, मग बनावट असल्याचं दिसल्यावर शब्द मागे घेतला. एकखंडी आवृत्तीत हे प्रकरण त्याने बरंच आखडतं घेतलं. कवीला गोष्ट हवी असते, ती मिळाली की तो तपासायला थोडा उशीर करतो. सगळं पुस्तक वाचताना हे मनात असू द्या.

समीक्षक एडमंड विल्सनने १९६२ मध्ये लिहिलं की, मारेकरी बूथने गोळी घातल्यापासून लिंकनवर ओढवलेली सर्वांत क्रूर गोष्ट म्हणजे सँडबर्गच्या हाती सापडणं. वाक्य झणझणीत आहे, लोकांना पाठ असतं. मला ते अर्धंच पटतं. लिंकनचा राजकीय डावपेच, कायद्याची बाजू, गुलामगिरीवर बदलत गेलेली भूमिका यांसाठी डेव्हिड हर्बर्ट डोनाल्ड यांचं १९९५ चं ‘लिंकन’ वाचावं, तिथे सँडबर्ग कमी पडतो. पण त्या काळातले लोक लिंकनबद्दल काय कुजबुजत, कशावर हसत, त्याच्याकडे काय मागायला येत, हे सँडबर्गइतकं भरभरून कोणी गोळा केलेलं नाही. ‘द पीपल, येस’ लिहिणाऱ्याचंच हे चरित्र आहे, फक्त मधोमध एक उंच माणूस उभा आहे.

काय सोडलं तरी चालेल

१९४८ ची कादंबरी ‘रिमेंब्रन्स रॉक’, हजारावर पानं. अमेरिकेची तीनेक शतकं एका कथेत कोंबली आहेत आणि माणसं पुतळ्यांसारखी बोलतात. पुरे.

‘कम्प्लीट पोएम्स’ (१९५०) ला १९५१ चं पुलित्झर मिळालं आणि ते संदर्भासाठी उत्तम आहे, पण पहिलं पुस्तक म्हणून नको. त्याऐवजी ‘हार्वेस्ट पोएम्स’ (१९६०) ही निवड घ्या. ८५ व्या वाढदिवशी आलेलं ‘हनी अँड सॉल्ट’ (१९६३) नंतर वाचा. म्हातारपणाच्या प्रेमकविता आहेत, आवाज खाली आलेला आहे, मला त्या मधल्या संग्रहांपेक्षा आवडतात.

आत्मचरित्र ‘ऑल्वेज द यंग स्ट्रेंजर्स’ (१९५३) वयाच्या विशीच्या आसपास थांबतं. गेल्सबर्गमधली स्वीडिश वस्ती, बापाचा काटकसरी अबोलपणा, भटकंतीतले दिवस यांसाठी ते वाचाच. लिंकनच्या बालपणाची पानं वाचल्यावर लगेच हे घेतलं, तर तिथे कवीने कुणाचं बालपण भरलंय ते लक्षात येतं. त्याचं संपूर्ण आयुष्य हवं असेल तर पेनेलोपी निव्हन यांचं १९९१ चं चरित्र आहे.

पुस्तकं, आवाज आणि जागा

‘शिकागो पोएम्स’ आणि ‘रुटाबागा स्टोरीज’ प्रोजेक्ट गुटेनबर्ग या ई-पुस्तकांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. १९२० च्या दशकात आणि त्याआधी छापलेली पुस्तकं अमेरिकेत स्वामित्वहक्कातून मोकळी झाली आहेत, म्हणजे ‘प्रेअरी इयर्स’ आणि ‘साँगबॅग’सुद्धा. त्यानंतरची बहुतेक पुस्तकं विकत किंवा ग्रंथालयातून घ्यावी लागतात. लिंकनच्या जुन्या प्रती सेकंडहँड बाजारात घेताना मुखपृष्ठामागचं पान पाहा, एकखंडी आहे की मूळ संचातला सुटा खंड, हे विक्रेत्यालाही कित्येकदा ठाऊक नसतं.

त्याचा आवाज ध्वनिमुद्रित आहे, कॅडमन कंपनीच्या तबकड्यांवर त्याने कविता वाचल्या आहेत. स्वर लांबवत, जवळजवळ गात तो वाचतो. पहिली पायरी झाल्यावर ऐका, आधी नको, नाहीतर प्रत्येक ओळ त्याच चालीत डोक्यात बसते.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी: गेल्सबर्गला त्याचं जन्मघर जपलेलं आहे आणि मागच्या अंगणात ‘रिमेंब्रन्स रॉक’ नावाच्याच खडकाखाली त्याच्या अस्थी आहेत. शिकागोहून आगगाडीने जाता येतं. नॉर्थ कॅरोलायनात फ्लॅट रॉक इथलं ‘कॉनेमारा’ हे घर त्याने १९४५ मध्ये घेतलं आणि २२ जुलै १९६७ रोजी तो तिथेच वारला. आता ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. लिलियनच्या जातिवंत शेळ्यांचा कळप तिथे आजही पाळतात, मुलांना तोच भाग आवडेल. मोठ्यांसाठी एक गंमत: लिंकनच्या चरित्रकाराचं हे घर एकेकाळी ख्रिस्तोफर मेमिंजरचं होतं, म्हणजे लिंकनविरुद्ध लढलेल्या दक्षिणेच्या सरकारच्या अर्थमंत्र्याचं.

भाषांतर करून पाहायचं असेल, तर भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांची मुदत असते. नंतरच्या पुस्तकांतलं काही छापायचं झालं तर हक्कदाराची परवानगी आधी घ्या. आणि सराव ‘फॉग’वर करू नका, ती सगळेच करतात. रुळाकाठच्या त्या मजुरापासून सुरू करा.